पान्याचं नाव नाय घेवाचं

आमच्या इमारतीत मासा मेला, की पंचनामा होतो.

पंचनामा करणारे जनाशेठ, आणि पंच म्हणजे त्या वेळी लिफ्टमधून बाहेर पडणारी पहिली दोन माणसं. ती ऑफिसला निघालेली असोत, देवळात निघालेली असोत की दवाखान्यात, जनाशेठना फरक पडत नाही. ते लॉबीतल्या काचेच्या टाकीशेजारी उभे असतात. तळहातावर बदामाचं पान, पानावर मासा. "म्याडम, दोन मिंटं," एवढंच म्हणतात. त्या दोन मिनिटांपायी माझ्या किती अर्ध्या रजा गेल्या, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे.

पंचनाम्याची रीत ठरलेली. आधी मयताची ओळख, म्हणजे कधी आणला आणि स्वभावाने कसा होता. "गरीब व्हता बिचारा. कुनाच्या अध्यात ना मध्यात." मग पंचांनी मासा उलटासुलटा बघायचा आणि अंगावर जखम नाही असं तोंडाने सांगायचं. शेवटी मरणाचं कारण. ते जनाशेठनी आधीच काढून ठेवलेलं असतं, आपण फक्त मान हलवायची. एकदा कारण होतं चौथ्या मजल्यावर चाललेलं ड्रिल. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेची नजर. एकदा अमावस्या. एकदा एका सोनेरी माशाने जोडीदार गेल्यावर अन्न सोडलं असा निष्कर्ष निघाला, आणि पंच म्हणून पकडलेल्या पहिल्या मजल्यावरच्या आजी खरोखर डोळे पुसत घरी गेल्या.

अशाच एका सकाळी, रात्री झोप नीट झाली नव्हती म्हणून असेल, मी म्हणून गेले, "जनाशेठ, पाण्यातच काही असेल का?"

त्यांनी बदामाचं पान मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोलले.

"म्याडम, कायपन बोला. पान्याचं नाव नाय घेवाचं."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतसुद्धा पाण्याचं नाव घेईनाशी झाले.

आमची इमारत डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, खाडीपासून फार लांब नाही. इमारतीला नाव इंग्रजी आहे आणि त्याचा उच्चार प्रत्येकाचा वेगळा आहे. मी इथली सेक्रेटरी. ज्या सभेत सेक्रेटरी निवडायचा होता त्या सभेला मी गेले नव्हते, म्हणून मी सेक्रेटरी. तेव्हापासून लिफ्ट, कबुतरं, पार्किंग, वरच्या मजल्यावरून खाली पडणारं पाणी आणि खालून वर न चढणारं पाणी, असं सगळं माझ्या डोक्यावर आहे. दिवसभर ठाण्याला ऑफिस, घरी आल्यावर सोसायटी. नवरा म्हणतो, राजीनामा दे. राजीनामाही सभेतच द्यावा लागतो, आणि सभेला कोरम होत नाही.

ही जमीन मूळ जनाशेठच्या घराण्याची. आधी भातशेती, खाडीकडेला मिठागर, मग बिल्डर, मग जमिनीच्या बदल्यात फ्लॅट, अशी इथल्या बहुतेक घरांची जी गोष्ट तीच यांची. तीन फ्लॅट त्यांच्या नावावर आहेत. बायको बहुतेक दिवस मुलाकडे, कोलशेतला. तिथे नातू आहे, आणि उंच टॉवरमध्ये पोहण्याचा तलाव आहे. जनाशेठ एकदा तो तलाव बघून आले आणि पुन्हा गेले नाहीत. एवढं पाणी आणि त्यात एक मासा नाही, हे त्यांना बघवलं नाही म्हणे.

आणि इमारतीच्या मागच्या अंगाला, पार्किंगच्या शेवटी, त्यांची विहीर. तिला ते बाव म्हणतात. बिल्डरने ती बुजवली नाही. बुजवण्यापेक्षा माहितीपत्रकात 'नैसर्गिक जलस्रोत' म्हणून छापणं स्वस्त पडलं असावं. आता तिच्यावर मोटर आहे. ते पाणी संडासाच्या टाकीला, झाडांना आणि गाड्या धुवायला जातं. नळाला पाणी आलं नाही की बायाबापड्या त्याच पाण्याने आंघोळीही उरकतात.

या खाडीकाठच्या पट्ट्यात जिथे खणाल तिथे पाणी मचूळ. जनाशेठच्या आजोबांच्या बावीलाच तेवढं गोडं पाणी लागलं. जनाशेठ त्याला 'गोरं पानी' म्हणतात. ते पाणी रोज सकाळी बादलीने स्वतः शेंदतात. मोटर आहे, नळ आहे, पण माशांचं पाणी शेंदूनच. मग ओंजळभर तोंडात घेतात, डोळे मिटतात, गालात इकडून तिकडे फिरवतात आणि वॉचमनच्या खुर्चीमागे चूळ टाकून जाहीर करतात, "गोरं हाय." वॉचमनने खुर्चीची जागा बदलून बघितली. जनाशेठनी चूळ टाकायची जागा बदलली.

लॉबीतली ती टाकी म्हणजे या बावीचा दाखला. जुन्या लोकांमध्ये पद्धतच होती, विहिरीत मासा सोडायचा. मासा जिवंत तोवर पाणी पिण्याचं. बावीत मासा सोडला तर तो दिसायचा कोणाला, म्हणून जनाशेठनी मासा लॉबीत आणला आणि पाणी बावीचं ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं आणि समजावं. त्यांची वहिनी, मागच्या गल्लीत राहते, तिला यातलं काही मान्य नाही. "खावाचं मावरं बघत बसतंय," असं ती माझ्यासमोर त्यांना म्हणाली आहे. त्यांच्या घरात मासा हा आमटीत घालायचा पदार्थ. तो विकत आणून, वर त्याला खायला घालून, मग मरू द्यायचा, हे तिला उधळेपणाचं लक्षण वाटतं.

कारण मासे मरत होते. आधी वर येऊन तोंड उघडझाप करायचे. जनाशेठ म्हणायचे, वलख देतात. मग कल्ले लालबुंद व्हायचे. ते म्हणायचे, अंगात रगत चढलंय, खानदानी हाय. मग मासा तळाशी एका कुशीवर पडून राहायचा. हा म्हणे आराम. त्यानंतर बदामाचं पान.

स्टेशनकडच्या ज्या दुकानातून ते मासे आणतात, तो दुकानदार बिचारा प्रामाणिक होता. त्याने सांगून बघितलं, विहिरीच्या पाण्यात हवा कमी असते आणि त्यात काय मिसळलंय हे डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवा, त्यातला क्लोरीन उडून जाईल, मग वापरा. तपासायला छोटी बाटलीही दिली. तिचे थेंब टाकले की पाण्याचा रंग बदलतो, आणि रंगावरून अमोनिया किती ते कळतं. जनाशेठनी बाटली परत केली. पाणी चवीने ओळखायचं, रंगाने साडी ओळखतात. आणि नळाचं पाणी म्हणजे दवाखान्याचं पाणी, ते त्यांच्या घरात फक्त भांडी घासायला. दुकानदाराने मग नाद सोडला. तसंही त्याच्याकडे एवढं नेमाने येणारं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी झालं, लोक बावीच्या पाण्यावर आले आणि इमारतीत खाज सुटली. आधी लहान मुलांना, मग मोठ्यांना. आमचे अध्यक्ष सोनवणे सर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, शब्द मोजून वापरणारे. ते म्हणाले, पाणी तपासून घेऊ. कमिटीतल्या काहींना तपासणीपेक्षा पार्किंगमध्ये रस होता. बाव बुजवली तर दोन गाड्यांची जागा होत होती, आणि ती कोणाच्या गाड्यांना मिळणार यावर बाव बुजवायच्या आधीच भांडण लागलं होतं.

अहवाल आला. अमोनिया, नायट्रेट, आणि जे आपल्या पोटातून बाहेर पडतं त्यातले जंतू. सरांनी सभेत तो सोप्या भाषेत समजावून सांगितला. बावीत कुठून तरी सांडपाणी झिरपतंय, माणसाला त्याने खाज सुटते, मासा तर त्यातच श्वास घेतो, त्याचे कल्लेच भाजून निघतात.

जनाशेठ मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, लॅबवाल्याने पाणी पिऊन बघितलं का. सर म्हणाले, नाही. "मंग?" असं म्हणून जनाशेठनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांच्या दृष्टीने सभा तिथेच संपली होती.

ती संपली नाही. बाव बुजवायचा ठराव मांडायची भाषा सुरू झाली, तेव्हा मात्र ते उभे राहिले. सांडपाणी असेल तर ते सोसायटीच्या चेंबरचं. बिल्डरने चेंबर कसं बांधलं ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. दोष चेंबरचा आणि फाशी बावीला, हा कुठला न्याय? आमचा प्लंबर सलीम सभेला बिल मागायला आला होता. तो म्हणाला, भिंतीतली गळती शोधायला तो रंगाची पूड वापरतो, चेंबरमध्ये टाकून बघता येईल. ज्याचा रंग बावीत उतरेल तो गुन्हेगार.

जनाशेठना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी ती तिथल्या तिथे ताब्यात घेतली. म्हणाले, एक रंग नाही, दोन टाका. कारण कुंपणाच्या मागे त्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत, जुनी बैठी चाळ, आणि त्या खोल्यांच्या संडासाचा खड्डा. उद्या कोणी उठून त्याचं नाव घ्यायला नको.

"लाल तुमचे चेंबरान, हिरवा माझे खड्ड्यान. मंग कलंल."

सलीमने तसं केलं. त्यानंतर जनाशेठ रोज सकाळी पांढरी बादली घेऊन बावीवर. मी गाडी काढत असले की मला मुद्दाम हाक मारून दाखवायचे, "बघा म्याडम, काच." पाणी खरंच काचेसारखं दिसायचं. मलाही वाटायला लागलं होतं, की लाल निघावा. म्हणजे निदान चेंबर दुरुस्त करून विषय संपेल.

तो रविवार होता. सोनवणे सर खाली फिरायला आले होते, सलीम मोटर बघायला आला होता, मी पार्किंगच्या भांडणात मधे उभी होते. जनाशेठनी बादली वर ओढली, कठड्यावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणूनच आम्ही सगळे तिकडे गेलो.

पाणी हिरवं होतं. फार नाही, पिस्त्याच्या आइस्क्रीमला असतो तेवढा रंग. त्यांनी हात बुडवला आणि तळवा उन्हात धरून बघितला. सर तोंड उघडणार होते, मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. इतकी वर्षं त्या टाकीतले मासे नजरेने मेले नव्हते, ड्रिलने नव्हते, अमावस्येने नव्हते. ते जनाशेठच्या स्वतःच्या खोल्यांच्या खड्ड्याने मेले होते. त्यांच्याइतकं हे आम्हा कोणालाच लागणार नव्हतं, आणि तेव्हा मला त्यांची फार दया आली.

त्यांनी ते पाणी परत बावीत टाकलं नाही. नारळाच्या आळ्यात ओतलं. सलीमला म्हणाले, "उद्या खड्डा बंद कर."

पुढचे काही दिवस ते स्वतः उन्हात उभे राहिले आणि खोल्यांची सगळी लाइन रस्त्याच्या गटाराला जोडून घेतली. भाडेकरूंनी तक्रारी केल्या, त्या ऐकून घेतल्या. पाण्याचं नाव घ्यायचं नाही हे वाक्य त्या दिवसांत त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. मग एक दिवस येऊन म्हणाले, ठराव एवढ्यात घेऊ नका. खड्डा बंद झाला, आता बावीचा उपसा करू. घाण पाणी सगळं काढू, गाळ काढू, नवं पाणी येऊ दे. त्या पाण्यात मासा जगला तर बाव राहू द्या, नाही जगला तर तुमचं तुम्ही बघा.

सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी बोलून निरोप पाठवला. लिहायचा त्यांना कंटाळा. "रविवारी बावीचा उपसा हाय. पूर्वी समदा गाव येवाचा. तुमीपन समद्यांनी या. जेवून जावाचं." निरोपाखाली अंगठे पडले. आमच्या ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी आली तरी अंगठे पडतात, ही तर जेवणाची होती. बघता बघता रांग लागली.

रविवारी मी खाली गेले ती सेक्रेटरी म्हणून, मोटरची वायर कुठून ओढली आहे ते बघायला. पाच मिनिटांत वर येते असं घरी सांगून. पंपवाले लोक आले होते, पाणी गटाराकडे चाललं होतं, दोघं जण आत उतरून गाळ भरत होते. आणि पार्किंगमध्ये मांडव होता. खराखुरा कापडी मांडव. सतरंज्या अंथरलेल्या. वहिनी आणि तिच्या दोन जावा तांदळाच्या भाकऱ्यांच्या चवडीजवळ बसलेल्या. भाताचं मोठं टोप, वालाची भाजी, आणि खाणाऱ्यांसाठी वेगळं, सुकटीचं कालवण. पत्रावळींचा गठ्ठा मी उचलून बघितला, तो साऱ्या इमारतीला पुरून उरला असता.

इमारतीतलं माणूस एक नव्हतं. गॅलऱ्यांमधून काही जण चहाचे कप घेऊन बघत होते. कोणीतरी वरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्यालाही अंगठे पडले असावेत, कारण माझ्या पर्समध्ये फोन वाजत राहिला.

जनाशेठ नवीन पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसले होते. मी जवळ गेले तसे म्हणाले, लोक आंघोळी उरकून येत असतील. मला राहवलं नाही. मी त्यांना समजावलं, की जनाशेठ, तो अंगठा म्हणजे येतो असं नव्हे. तो म्हणजे निरोप वाचला, एवढंच.

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

"आमच्यान तसं नाय, म्याडम. माझे बापाला लिवता येत नव्हतं. त्यानं मिठागराकडचे जमिनीचे कागदावर आंगठा दिला, ती जमीन गेली. दुसरे दिवशी लोकं बोलली, फिरव, कोर्टान जा. बाप बोलला, आंगठा दिला म्हंजे दिला. फिरवाचा नाय."

मी सतरंजीवर बसले. खरं तर कंबर दुखत होती, घरी कपड्यांचा ढीग होता, पण उठवेना. वहिनीने न विचारता पान वाढलं आणि जनाशेठ बोलत राहिले, बहुतेक बावीकडे बघत. त्यांच्या लहानपणी पहाटेपासून त्यांच्या अंगणात रांग असायची. मिठागरावरची माणसं, कोळीवाड्यातल्या बाया, रेल्वेच्या खोल्यांमधल्या, सगळ्या पाणी न्यायला. त्यांच्या आईला प्रत्येकीचं घर ठाऊक. कोणाचा हंडा आज आला नाही, की ती दुपारी त्या घरी जाऊन बघायची, आजारी तर नाही. कोणाच्या घरी लग्न ठरलं, कोणाची पोर परत आली, सगळं त्या कठड्यावर कळायचं. मग घरोघर नळ आले. आई गेली तोवर अंगणात गवत वाढलं होतं.

मला तेव्हा लख्ख कळलं, की या माणसाला बावीच्या पाण्याचं एवढं काही नव्हतं. सकाळी सकाळी लॉबीत आम्हाला अडवून मेलेला मासा दाखवणं ही त्यांची रांग होती.

जेवण वाया गेलं नाही. पंपवाले जेवले, खोल्यांमधले भाडेकरू पोराबाळांसकट आले, सलीम घरच्यांना घेऊन आला. सोनवणे सर उशिरा आले, आणि मागून पहिल्या मजल्यावरच्या आजी. इमारतीतून तेवढेच. जनाशेठ प्रत्येकाला आग्रह करून वाढत होते आणि मधूनच लिफ्टच्या दाराकडे बघत होते.

नवं पाणी भरलं. चांगलं निर्मळ दिसलं. त्यांनी चूळ भरून बघितली आणि या वेळी काही जाहीर केलं नाही. टाकी घासली, पाणी भरलं आणि एक मासा आणला, एकच, बोटाएवढा, केशरी. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. ऑफिसला जाताना बघितलं तर बसलेले, संध्याकाळी आले तरी बसलेले. सर मला हळूच म्हणाले, खड्डा आत्ता बंद झाला, पण इतक्या वर्षांचं जे मातीत मुरलंय ते एका उपशाने जात नाही. तुम्ही त्यांना सांगा. मी म्हटलं, तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही सांगा. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी, मी डबा भरत असताना बेल वाजली. दारात जनाशेठ. हातात स्टीलचा डबा, डब्यात तो मासा, वर तोंड करून धापा टाकत होता. मला वाटलं, आता पंचनामा. पण मासा जिवंत होता.

"म्याडम, नलाचं पानी हाय काय तुमचे घरा? रातचं, ठेवलेलं?"

माझ्या घरात ठेवलेलं पाणी नसायला काय झालं. दिवसाआड नळ म्हटल्यावर बाथरूममध्ये पिंप, स्वयंपाकघरात हंडे, बाल्कनीत बादल्या, माझा निम्मा संसार पाणी भरून ठेवण्यात जातो. त्यांच्या घरी मात्र सगळी पिंपं बावीच्या पाण्याची. नळाचं ताजं पाणी घातलं तर औषधाने मासा जाईल, हे त्यांना दुकानदाराने सांगितलेलं आठवत होतं. मी बादली पुढे केली. त्यांनी मासा तिच्यात सोडला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसले. मी ऑफिसला फोन केला आणि आणखी एक अर्धी रजा टाकली.

जिच्या कठड्यावर सगळा गाव पाण्याला यायचा त्या बावीचा मालक माझ्या दारात पाणी मागायला आला होता. त्याला ते करावं लागलं याचं मला वाईट वाटलं, आणि त्याने ते एका बोटभर माशासाठी केलं म्हणून तो माणूस मला आवडलाही. मासा तासाभराने खाली गेला आणि नीट पोहू लागला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत चहा प्यायलो.

"पानी खराब हाय," ते म्हणाले. "माझंच हाय, पन खराब हाय."

पुढच्या सभेला कोरम झाला. बाव बुजवायच्या ठरावावर खूप भांडण होईल म्हणून मी डोकेदुखीची गोळी घेऊन गेले होते. जनाशेठ उठले आणि म्हणाले, बुजवू नका, जाळी टाकून झाका, मोटर काढून टाका आणि ते पाणी कोणाच्या अंगाला लावू नका. पहिला हात त्यांनीच वर केला. दोन गाड्यांची जागा गेली म्हणून दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आता टाकीत नळाचं पाणी आहे, रात्रभर ठेवलेलं. मासे मरत नाहीत. तो केशरी मासा चांगला सुटला आहे आणि त्याच्या सोबतीला आणखी आले आहेत. पंचनामे बंद झाल्याला बरेच दिवस झाले. लिफ्टमधून लोक बाहेर पडतात आणि सरळ निघून जातात. मासे जगतायत यात थांबून विचारण्यासारखं काही नाही. पहिले काही दिवस जनाशेठ टाकीशेजारी उभे राहिले, मग दिसेनासे झाले.

आणि मग एका रविवारी माझी बेल वाजली. ते कळशी घेऊन उभे होते. माशांचं पाणी बदलायचं आहे, ठेवलेलं पाणी मिळेल का. मी कळशी भरून दिली. पाणी भरेपर्यंत त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली, मुलीची परीक्षा कधी ते विचारलं. पुढच्या रविवारी ते सोनवणे सरांकडे गेले, त्याच्या पुढच्या रविवारी पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे. मग चौथ्या मजल्यावर, ड्रिलवाल्यांकडे. परवा आजी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावरची सून बाळंतपणाला माहेरी गेली, तुला माहीत नाही? जनाशेठनी सांगितलं.

मागच्या आठवड्यात मेंटेनन्सच्या कागदावर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. बायको कोलशेतलाच होती. बाल्कनीत दोन निळी पिंपं, काठोकाठ भरलेली, वर फडकं बांधलेलं. मी सहज विचारलं, बावीचं का? म्हणाले, नाय, नलाचं, रातचं ठेवलंय. मग त्यांच्या लक्षात आलं की मी काय बघितलं, आणि ते सही करायला चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या खिशात होता.

या रविवारी पुन्हा माझी पाळी होती. बेल वाजली तेव्हा मी नुकतं कुठे पाठ टेकली होती. उठले, कळशी घेतली, पिंपातून भरायला लावली आणि त्यांना आत यायला सांगितलं. पिंपाची तोटी मुद्दाम बारीकच ठेवली.